स्वल्प खारा

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांसही, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं, की बेंगळुरू शहरात मटण-बटाट्याचा रस्सा करणारा मनुष्य एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा थोरला मामा आहे. बाकीचे लोक करतात ते नुसतं कालवण. कुणी त्याला करी म्हणतं, कुणी सारू म्हणतं, हॉटेलवाले त्याला तोंडाला येईल ते नाव देतात आणि लाज झाकायला वर कोथिंबीर टाकतात. हे मत माझं नाही, मामांचं आहे. पण वीस वर्षं दर रविवारी तो रस्सा ओरपल्यावर मला स्वतःचं असं वेगळं मत उरलेलं नाही, आणि उरलं असतं तर पुढच्या रविवारचं बोलावणं आलं नसतं.

मामा एका सरकारी कारखान्यात छत्तीस वर्षं तपासणी खात्यात होते. त्या कारखान्यात नक्की काय बनायचं ते त्यांनी आम्हांला आजतागायत सांगितलेलं नाही. विचारलं की छताकडे बघून "देशाचं काम" एवढंच म्हणतात. मात्र जे काही बनायचं त्यावर 'पास', 'रिवर्क' आणि 'रिजेक्ट' यांपैकी एक शिक्का मारायचा अधिकार त्यांना होता. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी शिक्के परत केले, अधिकार मात्र घरी घेऊन आले. पुतण्याच्या लग्नातली बिर्याणी त्यांनी भर पंगतीत 'रिवर्क' ठरवली. त्याच लग्नातली रसमलाई मी तीन वाट्या खाल्ली होती. ती त्यांनी एका चमच्यात 'रिजेक्ट' केली, आणि माझ्या तिसऱ्या वाटीकडे असं बघितलं, की त्या दिवसापासून चवीच्या बाबतीत माझ्या शब्दाला त्यांच्या घरात काहीही किंमत उरली नाही. लग्नाआधी मलाही त्यांच्यापुढं तपासणीला नेण्यात आलं होतं. त्यांनी मला उजेडात उभं केलं, दोन्ही बाजूंनी न्याहाळलं आणि माझ्यादेखत भाचीला म्हणाले, "फिनिशिंग स्वल्प कमी आहे. पण चालेल."

हे 'स्वल्प' त्यांच्या बोलण्यात सारखं येतं. मूळचे ते कऱ्हाडकडचे, पण बेंगळुरूत चाळीस वर्षं काढल्यामुळं त्यांच्या मराठीत कन्नड कुठं संपतं हे त्यांनाही सांगता येत नाही. मी लग्नानंतर नोकरीसाठी पुण्याहून इथं आलो, तेव्हा मला ही भाषा शिकवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. पहिल्याच आठवड्यात एका उपाहारगृहातल्या पाटीवर 'खारा भात' वाचून मी हबकलो होतो. सकाळी आठ वाजता खारट भात कोण खातं? मामा हसून हसून टेबलावर वाकले. "जावईबापू, इथं खारा म्हणजे तिखट! खारटाला इथं उप्पु जास्ती म्हणायचं. आपला खारा वेगळा, यांचा खारा वेगळा. तेवढं ध्यानात ठेवलंत की अर्धं कन्नड आलं." मी ते ध्यानात ठेवलं. उरलेलं अर्धं अजून यायचं आहे.

तर रस्सा. रविवारी सकाळी सहा वाजता मामा हेब्बाळहून निघतात आणि दोन बस बदलून चामराजपेटेत एका ठरावीक खाटकाकडे पोचतात. त्यांच्या घरापासून पायी पाच मिनिटांवर मटणाची तीन दुकानं आहेत. पण मामा अविवाहित असताना चामराजपेटेत भाड्याच्या खोलीत राहायचे, तेव्हा त्या खाटकाच्या वडिलांकडून मटण घ्यायचे, आणि एकदा तपासून मंजूर केलेला पुरवठादार बदलायचा नाही असा खात्याचा नियम आहे. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. मामा लांबून दिसताच खाटकानं हातातला सुरा खाली ठेवला, हात पुसले आणि आतल्या माणसाला ओरडून सांगितलं, "इन्स्पेक्टर सार बंदरु!" साहेब आले, म्हणून. आतला माणूस बाहेर येऊन शेजारी उभा राहिला. मामांनी चष्मा बदलला. पुढची दहा मिनिटं त्या दुकानात एक शब्द बोलला गेला नाही. मग मामा म्हणाले, "पास," आणि दोघांनी असा श्वास सोडला की वरचा टांगता बल्ब हलला. आता हा बल्ब मी पदरचा घातलाय हे खरं, पण श्वास खरा.

मटणात बटाटा घालावा की घालू नये यावर आमच्या नात्यात दोन तट आहेत आणि त्यांच्यात सोयरीक होत नाही. मामा घालणाऱ्यांचे पुढारी. त्यांचा नियम असा: माणशी एक बटाटा, आणि वर एक. वरचा कुणाचा? "न आलेल्याचा. ऐन जेवणाच्या वेळी दारात कुणी उभं राहिलं, त्याला रस्सा वाढला आणि बटाटा नाही, हे बरं दिसतं का?" वीस वर्षांत ऐन जेवणाच्या वेळी दारात कुणीही उभं राहिलेलं नाही. तो बटाटा माझ्या ताटात येतो. म्हणून असेल, पण बटाटे सोलायचं कामही माझ्याकडेच आहे. मामा शेजारी स्टीलची सहा इंची पट्टी घेऊन बसतात. फोड दीड इंचाची, ना कमी ना जास्त. "जावईबापू, बटाटा सोलायचाय, तासायचा नाही. सालीतून पलीकडचं दिसलं पाहिजे."

हे सगळं चालतं ते स्वयंपाकघरात नव्हे, तर त्यामागच्या धुण्याभांड्याच्या अरुंद जागेत. त्याला कारण मामी. मामी जन्मापासून पक्क्या शाकाहारी. लग्न ठरताना त्यांनी एकच अट घातली होती: तुमचं तुम्ही खा, पण माझ्या ओट्यावर नको. मामांनी मागच्या जागेत वेगळी शेगडी, वेगळं जाड बुडाचं पातेलं आणि वेगळे डाव असा स्वतंत्र कारखाना उघडला. दोन्हींच्या मध्ये लाल कोब्याचा एक उंबरठा आहे. मामींनी तो रविवारी कधी ओलांडला नाही. उंबरठ्याच्या अलीकडे उभ्या राहून त्या हवं ते बोलतात, पण पाऊल पलीकडे नाही. आणि दर रविवारी रस्सा उतरवला की मामा डावात चार थेंब घेऊन, खाली हात धरून, उंबरठ्यापर्यंत यायचे आणि विचारायचे, "घेतेस?" मामी म्हणायच्या, "नको." मामा "सरी," म्हणजे बरं, म्हणायचे आणि परत फिरायचे. मी हे इतक्यांदा पाहिलंय, की शेजारच्या देवळातल्या घंटेसारखं ते मला ऐकू येईनासं झालं होतं. त्यामुळं ते कधीतरी बंद पडलं हेही मला कळलं नाही.

रस्सा उतरवण्याआधीचा सोहळा तर तिकीट लावून दाखवावा असा. शेगडी बारीक. झाकणाच्या ताटलीतलं पाणी बाजूला. मामा डाव उलटा करून त्याच्या पाठीवरचे दोन थेंब डाव्या तळहातावर घेतात, तळहात जिभेला लावतात आणि डोळे मिटतात. या वेळी कुणी बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही, शक्य तर श्वासही घ्यायचा नाही. आणि मामांशिवाय दुसऱ्या कुणी चाखायचं तर मुळीच नाही. तपासणी एकच आणि अंतिम. मग डोळे उघडतात आणि शिक्का पडतो. "पास."

अलीकडं दोनेक वर्षांत मामांच्या वेडात काही नव्या कलमांची भर पडली होती, आणि आम्ही घरी परतताना गाडीत त्यांच्यावर पोट दुखेपर्यंत हसायचो. आधी मामा मीठ हाताच्या अंदाजानं घालायचे. आता त्यांनी छोटा डिजिटल काटा आणला आणि मीठ ग्रॅममध्ये मोजू लागले. कांदा-खोबरं भाजताना ते रंगाच्या दुकानातून आणलेलं भिंतीच्या रंगांचं नमुनापत्र पातेल्याशेजारी धरायचे आणि कांदा अमुक एका विटकरी चौकोनाशी जुळला की शेगडी बंद करायचे. "हा बघा, याच्या पुढं गेला की करपला. याच्या अलीकडं कच्चा." शिवाय त्यांनी एक तोंडी परीक्षा सुरू केली होती. मसाला परतताना ते मला जवळ बोलावायचे, वाफेवर माझं डोकं धरायचे आणि विचारायचे, "वास कशाचा येतोय? ओळखा. लसूण शिजलाय का? कच्चट येतोय का? नीट सांगा, ठोकून देऊ नका." मी उत्तर दिलं की गंभीरपणे मान हलवायचे. वय झालं की माणूस मास्तर होतो, असं मी बायकोला म्हणालोही. आणि याच दोन वर्षांत ते मवाळही झाले होते. ज्या माणसानं मामींच्या आमटीतलं मीठ रोज अर्ध्या चिमटीनं कमी किंवा जास्त काढलं, तो आता समोर येईल ते निमूट जेवायचा. आम्ही म्हटलं, पिकले मामा.

मामांची एकुलती एक मुलगी. तिनं देवनहळ्ळीच्या एका मुलाशी लग्न ठरवलं. ऑफिस एक, बस एक, व्हायचं ते झालं. मुलाकडची माणसं शेतकरी, कन्नड, आणि लाख मोलाची. लग्न मामींच्या पद्धतीनं होणार होतं, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडचा 'बीगर ऊटा' होता. म्हणजे व्याह्यांचं जेवण. दोन्हीकडची माणसं पंगतीला बसतात आणि पोटभर मटण खातात. मामांनी जाहीर केलं, की त्या पंगतीला रस्सा मी करणार. दोनशे पानं.

"आचारी बोलवा," मामी म्हणाल्या.

"पोरीच्या लग्नात व्याह्यांना आचाऱ्याच्या हातचं घालू? मग मी इतकी वर्षं काय केलं?"

"या वयात दोनशे माणसांचं? आणि काही कमीजास्त झालं तर सगळ्यांदेखत?"

"माझ्या हातून कमीजास्त होत नाही."

मामींनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "या रविवारी ते जेवायला येताहेत. त्यांनी तुमचा रस्सा पास केला तर करा तुम्ही. नाहीतर मी आचारी सांगणार, आणि मग त्यावर बोलायचं नाही."

"मंजूर!" मामा म्हणाले, आणि जेवणाच्या टेबलावर मूठ आपटली. इतका मोठा आवाज करायचं काही कारण नव्हतं, असं मला तेव्हाही वाटलं.

त्या रविवारी मटण खाणारे आम्ही सात. म्हणून बटाटे आठ. मी सोलले, पट्टी लावली, मामांनी घातले. मीठ मोजताना व्याह्यांचा फोन आला, निघालो म्हणून. मामा बोलून आले, काट्याकडं पाहिलं आणि जरा घुटमळले. पण मला वाटलं, मुलीच्या सासरचे येणार म्हणून असेल.

व्याही अकरालाच हजर. उंच, काळे, पांढरीशुभ्र लुंगी, आणि काखेतल्या पिशवीत माणसाच्या डोक्याएवढी चार पपनसं. त्यांची निम्मी शेती आता प्लॉटांत गेलीय, तरी अंगणातल्या कुंड्यांमधली माती त्यांनी चिमटीत चोळून पाहिली आणि मगच चपला काढल्या. विहीणबाई आणि मुलगा हॉलमध्ये बसले. व्याह्यांनी मात्र नाक वर केलं आणि ते वासाच्या दिशेनं सरळ चालत मागं आले. मामींचा उंबरठा त्यांनी असा ओलांडला, जणू तो नव्हताच.

"एनु सार, घमघमा!" ते म्हणाले.

मामांचा चेहरा असा फुलला, की मला नवल वाटलं. "घमघमा ना? नक्की?" त्यांनी विचारलं, आणि नियम मोडून एका वाटीत रस्सा काढून व्याह्यांपुढं धरला. व्याही वाटी चहासारखी प्यायले. त्यांच्या कपाळावर घाम आला, डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी जीभ टाळूवर वाजवली, मामांच्या पाठीवर सणसणीत थाप मारली आणि म्हणाले, "तुंबा चेन्नागिदे सार! स्वल्प खारा!" आणि पपनस सोलायला हॉलकडे गेले.

फार छान झालंय, एवढं कन्नड मलाही येतं. पण मामा हातात डाव घेऊन तसेच उभे.

"खारा म्हणाले," ते म्हणाले.

"हो."

"फोनच्या आधी मी मीठ घातलं की नंतर? का आधी आणि नंतर?"

त्यांनी डाव उलटा केला, दोन थेंब तळहातावर घेतले, डोळे मिटले. मी श्वास धरून उभा. डोळे उघडले. "झालंय," मामा म्हणाले. "खारट झालंय. जावईबापू, बटाटे सोला. बटाटा मीठ ओढतो. चार सोला."

वीस वर्षांत मामांनी शिक्का मारल्यावर मी शंका काढलेली नाही, ती तेव्हाही काढली नाही. चार सोलले. या वेळी पट्टी लावली नाही, आणि मामांनीही ती मागितली नाही. बटाटे गेले, वर झाकणातलं गरम पाणी गेलं, आणखी दोन तांबे पाणी गेलं. वीस मिनिटांनी मामांनी वाटी भरून माझ्या हातात दिली. "जा. सहज दिल्यासारखं द्या. काय म्हणतात ते शब्द न् शब्द ऐकून या."

व्याह्यांनी दोन घोट घेतले आणि वाटी खाली ठेवली. एखाद्या पोराच्या हातातला फुगा जरासा बसावा, तसा त्यांचा चेहरा झाला. पण माणूस सभ्य. "चेन्नागिदे," ते म्हणाले. आणि मग न राहवून, "खारा कम्मी आयतु."

मी वाटी घेऊन परत आलो आणि शब्द न् शब्द सांगितला. "खारा कमी झाला म्हणतात."

"झाला ना कमी?" मामांनी टाळी वाजवली. "ओढतोय! बटाटा ओढतोय! अजून चार सोला, साफ जाईल!"

मी पाटावर बसलो. दुसरा बटाटा सोलताना माझा हात थांबला. जेवणातलं जास्तीचं मीठ कमी झालं म्हणून कुणी हिरमुसतं का? माझ्या पायाशी व्याह्यांची अर्धी उरलेली वाटी होती. मामांची पाठ माझ्याकडे होती. मी नियम मोडला आणि ती वाटी तोंडाला लावली.

आळणी. तांबूस रंगाचं गरम पाणी.

आणि मग वीस वर्षांपूर्वीची उपाहारगृहातली ती पाटी माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली.

"मामा! खारा म्हणजे तिखट! तो माणूस तिखट म्हणत होता! खूश होऊन म्हणत होता!"

"ते तुम्ही मला शिकवताय? अहो, मीच तुम्हांला..." मामा वळले आणि मध्येच थांबले.

"पण तुम्ही चाखलंत ना? चाखून म्हणालात ना खारट झालंय म्हणून?"

हे मी बोलून गेलो. बोलू नये हे कळायला जो एक क्षण लागतो, तो मला नेहमी बोलून झाल्यावर मिळतो. मामांनी शेगडी बारीक केली. विनाकारण पुन्हा मोठी केली. मग पातेल्याकडं बघत म्हणाले, "दोन वर्षं झाली. मोठा ताप आला होता ना, त्यातून उठल्यापासून. गरम आहे का गार, एवढं कळतं. बाकी काही नाही."

"आणि वास?"

"तुम्ही सांगता ना दर रविवारी."

मी हातातल्या बटाट्याकडं पाहिलं. ते रंगाचं नमुनापत्र समोरच्या खिळ्याला अडकवलेलं होतं. काटा खाली होता. गाडीतलं आमचं सगळं हसू मला आठवलं.

"छत्तीस वर्षांत," मामा म्हणाले, "मी वस्तू न तपासता एकदाही पास मारलेला नाही. एकदाही. आणि आता घरच्यांना दर रविवारी..." पुढचं त्यांनी गिळलं. "सांगा तिला. आचारी बोलवायला सांगा."

"काही नको. मीठ तेवढं घालायचंय. तुम्ही घाला, मी चाखतो."

मामांनी तशाही अवस्थेत मान वर केली. "तुम्ही? तुम्ही रसमलाई पास केली होती."

"मी चाखते," मागून आवाज आला.

मामी उंबरठ्याशी उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. मामा घाईघाईनं म्हणाले, "तुझं काय काम इथं? काही झालेलं नाही. स्वल्प पाणी जास्त झालंय."

"मला माहीत आहे काय झालंय ते. चौतीस वर्षं माझ्या आमटीला नावं ठेवलीत, आणि दोन वर्षं मुकाट जेवताय. दिवाळीत मी मीठ घालायचंच विसरले होते. पोरगी पानावरून उठून मीठ घेऊन आली. आणि तुम्ही काय म्हणालात? आमटी पास!"

मामा डावानं रस्सा उगाच ढवळू लागले.

"ते जाऊ दे," मामी हळू आवाजात म्हणाल्या. "पण दोन वर्षांत एकदासुद्धा 'घेतेस?' म्हणून विचारलं नाहीत."

त्यांनी पदर खोचला आणि उंबरठा ओलांडला. मी पाटासकट बाजूला सरकलो. त्यांनी डावा तळहात पुढं केला. मामांनी घाईत डाव उलटा केला, त्यामुळं दोनाचे चार थेंब पडले. मामींनी एरंडेल प्यावं तसं तोंड करून ते जिभेला लावले. "मीठच नाही," त्या म्हणाल्या. मामांनी काट्याकडं हात नेला आणि मग तो मागं घेऊन सरळ बरणीतून चिमटीनं मीठ घातलं. पूर्वीसारखं. ढवळलं. थोडं लाल तिखटही टाकलं. पुन्हा तळहात, पुन्हा थेंब. या खेपेला तोंड एरंडेलाचं नव्हतं, साध्या काढ्याचं होतं. "अजून," मामी म्हणाल्या. मामांनी अजून घातलं. मग मामींनी तिसऱ्यांदा हात पुढं केला.

आता पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे मला त्या हातापाशी परत येता येईल. जेवण झालं. बारा बटाट्यांच्या ढिगात मटण शोधताना व्याह्यांनी मोठ्या काळजीनं विचारलं, "सार, निमगे आलूगड्डे तुंबा इष्टाना?" बटाटा तुम्हांला फार आवडतो का, म्हणून. मामा म्हणाले, "माणशी एक, अण्णा. आज माणसं स्वल्प जास्ती आहेत." व्याह्यांनी तीनदा रस्सा घेतला आणि तिसऱ्यांदा 'खारा' म्हणाले, तेव्हा आम्ही तिघं इतक्या मोठ्यानं हसलो की त्यांनी आपली लुंगी तपासून पाहिली. मामी म्हणाल्या, आचारी नको. बीगर ऊट्याला दोनशे पानांचा रस्सा मामांनीच केला. पातेल्याशेजारी एक खुर्ची होती आणि तिच्यावर मामी बसल्या होत्या, डावा तळहात मांडीवर उताणा ठेवून. देवनहळ्ळीच्या मंडळींना वाटलं ही यांच्याकडची रीत आहे. आता आहेही.

मामांची चव परत आलेली नाही. डॉक्टर म्हणतात येईल, कदाचित नाही येणार. हेब्बाळहून पहाटेची बस चुकत नाही, आणि चामराजपेटेत सुरा अजून खाली ठेवला जातो. वासाची तोंडी परीक्षाही चालू आहे. फरक एवढाच, की आता मी मनापासून अभ्यास करून जातो. आणि रस्सा उतरताना डोळे मामाच मिटतात, थेंब मात्र दुसऱ्याच तळहातावर असतात. मामी म्हणतात, "बरोबर आहे." मामा डोळे न उघडता म्हणतात, "बरोबर म्हणजे कसं? नीट सांग. लसूण पुढं आहे का मागं?" मामींना सांगता येत नाही. त्यांच्याकडे या गोष्टीचे शब्दच नाहीत. पण त्या शोधतात. दर रविवारी एखादा नवा शब्द आणतात, आणि मामा तो, दुसरं काही मिळत नसल्यासारखा, हळूहळू चघळतात.

तर तो तिसरा थेंब. मामींनी तळहात जिभेला लावला आणि डोळे मिटले. कुणी बोललं नाही, भांडं वाजलं नाही. लागायला हवा होता त्यापेक्षा जास्त वेळ लागला. मामांनी डाव छातीशी धरला होता आणि ते, छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या कामावर शिक्के मारणारा तो माणूस, एखाद्या उमेदवारासारखे ताठ उभे होते. मामींच्या कपाळावर आठी पडली, ती विरली, पुन्हा पडली. मला वाटलं, संपलं, आचारी आला. मामांनी न राहवून विचारलं, "मीठ?" मामींना ते ऐकूच गेलं नसावं. त्यांनी तळहात पुन्हा एकदा जिभेला लावला, आता त्यावर काहीच उरलं नव्हतं तरी, आणि डोळे उघडून, हॉलमधल्या विहीणबाईंनासुद्धा ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्या बोलून गेल्या:

"अगंबाई! असं लागतं होय हे?"